भर दुपारी चांदणं: दुपारचा फोटो रात्रीचा कसा भासवायचा, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

राजहंसगडाचा दुपारचा फोटो मोबाइलवर काळा केला, तरी रात्र होईना. पावसाळी दुपारच दिसायलीय. काय चुकतंय? (येळ्ळूर)

आकाश. फोटोत बुरुजामागे ते सर्वांत उजळ असतं, आणि ब्राइटनेस कितीही खाली ओढला तरी बुरुजापेक्षा उजळच राहतं. म्हणून आकाश चौकटीतून शक्य तितकं कापा. फोटो पुन्हा काढता आला तर स्वच्छ उन्हात, सूर्य समोर किंवा तिरका ठेवून काढा. सूर्य चौकटीत मात्र येऊ देऊ नका. दगडांच्या कडा चमकतात, आपल्याकडची बाजू सावलीत जाते, आणि तोच प्रकाश पुढे चंद्राचा म्हणून खपतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, दीड ते दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ढगाळ दिवशी हा खटाटोप करूच नका. सावल्याच नसतील तर चांदणं दाखवणार कशातून?

निळा रंग चढवला की फोटो मोरचुदात बुडवल्यासारखा दिसतो. (खानापूर)

दिसणारच! चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, तेही उन्हापेक्षा किंचित तांबूस. निळेपणा आपल्या डोळ्यांतला. उजेड कमी झाला की लाल रंग आधी काळवंडतो, निळा-हिरवा टिकून राहतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 19व्या शतकात हे नोंदवलं. तेव्हा व्हाइट बॅलन्स (फोटोचा पिवळा-निळा तोल; केल्व्हिनचा आकडा खाली नेला की फोटो निळा होतो) थेट 3200 केल्व्हिनवर नेऊ नका, 4000च्या आसपास थांबा. मग लाल आणि नारिंगी रंगांची गडदता वाढवा, त्यांचा भडकपणा उतरवा. तुमच्याकडची मंगळुरी कौलं जवळजवळ काळी झाली पाहिजेत. लाल कौलं तशीच ठेवून निळा ओतलात, म्हणून मोरचूद.

खडेबाजारातल्या फोटोत दुकानांचे दिवे पेटवता येतील का? (शहापूर)

येतील. दिव्यापुरता मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागेल असं निवडून, पिवळा उजेड द्या. पण नुसता बल्ब पेटवून भागत नाही. शेजारची भिंत, फळी, खालचा रस्ता यांवरही तो सांडला पाहिजे, आणि लांब जाईल तसा झपाट्याने विरला पाहिजे. पावसाची सर येऊन गेल्यावर काढलेला फोटो घेतलात तर निम्मं काम ओला रस्ताच करतो.

वर पौर्णिमेचा चंद्र चिकटवला तर? (निपाणी)

बहुतेक जण ताटाएवढा चिकटवतात. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश व्यापतो. फुल फ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्सने काढलेल्या आडव्या फोटोत तो रुंदीच्या ऐंशीव्या भागाइतका येतो. शिवाय सावल्या डावीकडे पडल्या असतील तर चंद्र उजवीकडेच हवा. न चिकटवलेला बरा.