ह्यू जॅकमन, निकोल किडमन यांच्यापलीकडे ऑस्ट्रेलियातल्या कोणत्या अभिनेत्याचं आयुष्य आणि काम समजून घ्यायला हवं?

माझं उत्तर डेव्हिड गुल्पिलिल. तुम्ही 'क्रोकोडाइल डंडी' पाहिला असेल तर त्याला पाहिलेलंही आहे, फक्त नाव लक्षात राहिलं नसेल. रात्रीच्या जंगलात एक आदिवासी तरुण येतो. अमेरिकन पत्रकार बाई त्याचा फोटो काढायला जाते, तो म्हणतो, काढता येणार नाही. तिला वाटतं, फोटोत आत्मा अडकतो अशी याची श्रद्धा असणार. तो सांगतो, तुमच्या लेन्सचं झाकण तसंच आहे. १९८६ च्या त्या सिनेमाने जगभरात तीस कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि गुल्पिलिल लोकांच्या लक्षात राहिला तो त्या एका विनोदापुरता. त्याआधी पंधरा वर्षं तो पडद्यावर होता आणि त्याचं सगळ्यात मोठं काम अजून व्हायचं होतं.

त्याचा जन्म १९५३ च्या आसपासचा. नक्की तारीख कोणालाच ठाऊक नाही, मिशनऱ्यांनी अंदाजाने लिहिलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्न्हेम लँड नावाचा मोठा प्रदेश आहे. तिथल्या योल्न्गू लोकांमधला तो. बालपण रानात गेलं. शिकार, माग काढणं आणि विधींमधला नाच हेच शिक्षण. आठेक वर्षांचा होईपर्यंत आपण गोरा माणूस पाहिला नव्हता, असं तो सांगायचा. पुढे मनिंग्रिडा इथल्या शाळेत गेला आणि 'डेव्हिड' हे नाव तिथे मिळालं.

१९६९ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक निकोलस रोग जागा शोधत मनिंग्रिडाला आला. त्याला 'वॉकअबाउट'साठी एक आदिवासी मुलगा हवा होता. सोळा वर्षांच्या गुल्पिलिलचा नाच पाहिला आणि शोध संपला. हे किती वेगळं होतं ते कळायला आधीचा एक सिनेमा सांगतो. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६७ मध्ये, ऑस्ट्रेलियात 'जर्नी आउट ऑफ डार्कनेस' नावाचा सिनेमा आला. त्यात आदिवासी माग्याची, म्हणजे खुणांवरून माणसाचा माग काढणाऱ्याची, भूमिका एका गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग फासून केली होती आणि आदिवासी कैदी झाला होता मलेशियात जन्मलेला तमिळ गायक कमाल. म्हणजे या मातीतला माणूस सोडून बाकी कोणीही चालत होतं. या पार्श्वभूमीवर हा मुलगा पडद्यावर आला.

'वॉकअबाउट' १९७१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. वाळवंटात अडकलेली एक शहरी मुलगी, तिचा लहान भाऊ आणि त्यांना वाट दाखवणारा एक आदिवासी मुलगा. गुल्पिलिल त्यात आपल्याच भाषेत बोलतो आणि खाली उपशीर्षकं नाहीत. प्रेक्षकाला त्याचं एकही वाक्य कळत नाही, पण तो काय म्हणतोय याबद्दल क्वचितच शंका राहते. शेवटाकडे तो अंगावर पांढरे पट्टे रंगवून त्या मुलीसाठी नाचतो. तिला त्या नाचाचा अर्थ लागत नाही, ती घाबरून घरात लपते. तो थांबत नाही. आधी ताठ, नेमका असलेला नाच हळूहळू विनवणीचा होतो, मग थकव्याचा. एका कोवळ्या मुलाने शब्दांशिवाय प्रेमाची सबंध शोकांतिका उभी केली आहे. अनेकांनी याला 'नैसर्गिक' अभिनय म्हटलं. मला तो शब्द त्याच्यावर अन्याय करणारा वाटतो. विधींमध्ये नाचणाऱ्या माणसाचं शरीर लहानपणापासून घडवलेलं असतं. पाऊल कधी टेकायचं, कधी रोखायचं, नजर कुठे ठेवायची, याची शिस्त आपल्याकडच्या कुठल्याही नृत्यगुरूच्या शिष्याइतकीच कडक. गुल्पिलिलने हे शिक्षण कॅमेऱ्यासमोर वापरलं, इतकंच.

त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचं आडनाव चुकीचं छापलं आहे: 'गम्पिलिल'. सिनेमा जगभर फिरला, तोही फिरला, बड्या लोकांना भेटला, पण पडद्यावर नाव चुकीचंच राहिलं.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगतो. १९७६ मध्ये 'मॅड डॉग मॉर्गन'मध्ये डेनिस हॉपरसोबत. त्याच वर्षी 'स्टॉर्म बॉय', ज्यात तो पेलिकन पाळणाऱ्या एका एकाकी पोराचा मित्र फिंगरबोन बिल झाला आणि ऑस्ट्रेलियातल्या एका पिढीच्या मनात कायमचा बसला. १९७७ मध्ये पीटर वेअरचा 'द लास्ट वेव्ह'. १९८७ मध्ये ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया हा सन्मान. आणि तरीही मुख्य भूमिका नाही. हिरोला मदत करणारा, हिरोला गूढ काहीतरी सांगणारा, नाहीतर रानातून अचानक उगवणारा माणूस, याच चौकटीत त्याला तीस वर्षं ठेवलं गेलं.

ही चौकट मोडली २००२ मध्ये. त्या वर्षीच्या 'रॅबिट-प्रूफ फेन्स'मध्ये तो मूडू नावाचा माग्या आहे. सरकारने आईपासून हिरावून नेलेल्या, वसतिगृहातून पळालेल्या तीन आदिवासी मुलींचा माग काढणं हे त्याचं काम. त्याला संवाद जवळजवळ नाहीत. मुलींनी खुणा कशा पुसल्या हे त्याला दिसतं आणि चेहऱ्यावर एका क्षणापुरतं कौतुक येऊन जातं. त्याची स्वतःची मुलगीही त्याच वसतिगृहात आहे, हे आपल्याला आधी कळलेलं असतं.

त्याच वर्षीचा दुसरा सिनेमा दिग्दर्शक रॉल्फ डी हीरचा 'द ट्रॅकर', आणि हा जमलं तर नक्की पाहा. काळ १९२२. तीन गोरे घोड्यावर, पुढे पायी चालणारा आदिवासी माग्या, आणि खुनाचा आरोप असलेला एक फरार आदिवासी. कोणत्याच पात्राला नाव नाही. हत्याकांडाच्या क्षणी कॅमेरा थेट काही दाखवत नाही, रंगवलेली चित्रं समोर येतात आणि आदिवासी गायक आर्ची रोचचा आवाज ऐकू येतो. गुल्पिलिल सुरुवातीला 'होय साहेब' करणारा, हसून मान डोलावणारा माणूस वाटतो. मग हळूहळू लक्षात येतं की या चौघांत कोण कोणाला कुठे घेऊन चाललंय हे फक्त त्यालाच माहीत आहे. लाचारीचा मुखवटा आणि त्याआडची बुद्धी दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसत राहतात, तेही कुठे अधोरेखित न करता. शेवट मी सांगत नाही. ही त्याची पहिली मुख्य भूमिका, वयाच्या पन्नाशीच्या तोंडावर मिळालेली. ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला याच सिनेमासाठी मिळाला.

रंगभूमीवर त्याचं एकच काम मला महत्त्वाचं वाटतं, आणि ते त्याच्या स्वतःवरच आहे. २००४ च्या अॅडलेड महोत्सवात 'गुल्पिलिल' नावाचा एकपात्री प्रयोग झाला. लेखन त्याने आणि नाटककार रेग क्रिब यांनी मिळून केलं, दिग्दर्शन नील आर्मफिल्डचं. पुढे सिडनीच्या बेल्व्हॉर थिएटरमध्येही प्रयोग झाले. जो माणूस पहिल्या सिनेमात उपशीर्षकांविना बोलला, तो इथे प्रेक्षकांना स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगत होता: रान, सिनेमा, प्रसिद्धी, दारू, सगळं. दारूची ओळख आपल्याला सिनेमाच्या मंडळींनीच करून दिली, असं तो सांगायचा. त्याच वर्षी क्रेग रुडी यांनी काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड हे ऑस्ट्रेलियातलं व्यक्तिचित्रांसाठीचं नावाजलेलं पारितोषिक मिळालं. कोळशाने काढलेल्या चित्राला पेंटिंग म्हणायचं का, यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि फेटाळलं गेलं.

या काळात तो राहत होता आर्न्हेम लँडमधल्या रामिंगिनिंग या वस्तीत, पत्र्याच्या साध्या निवाऱ्यात. जगप्रसिद्ध नट आणि घरात वीज नाही, यावर पत्रकारांनी बरंच लिहिलं. 'दोन जगांत अडकलेला माणूस' हा मथळा त्याच्यावर इतक्या वेळा चिकटवला गेला की मला त्याचा कंटाळा आहे. त्याच्या समाजात कमाई एकट्याची नसते, नातलगांचा तिच्यावर हक्क असतो. आणि सिनेमातल्या लहान भूमिकांचे पैसे मुळात फार नसतात. ही दोन कारणं समजली की गूढ काही उरत नाही.

तो वस्तीत राहत होता म्हणूनच 'टेन कनूज' झाला, हे मात्र सांगायला हवं. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी १९३० च्या दशकात रामिंगिनिंगजवळच्या अराफुरा दलदलीत काही फोटो काढले होते. त्यातला एक गुल्पिलिलने डी हीरला दाखवला: झाडाच्या सालीच्या होड्यांतून दलदलीतून निघालेले दहा पुरुष. आपल्याला दहा होड्या लागतील, तो म्हणाला. त्या फोटोतून २००६ चा सिनेमा उभा राहिला. पूर्णपणे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांमध्ये बोलणारा तो पहिला कथापट. पडद्यावर त्याचा मुलगा जेमी आहे, तो स्वतः फक्त निवेदक. सुरुवातीला तो युरोपातल्या परीकथेसारखी सुरुवात करतो आणि खो खो हसत थांबतो. ही तुमची गोष्ट नाही, माझी आहे, असं बजावतो आणि मग आपल्या चालीने, वळणं घेत, मधेच रेंगाळत गोष्ट सांगू लागतो. कान महोत्सवात 'अन सर्टन रिगार्ड' या वेगळ्या वाटेच्या सिनेमांच्या विभागात या सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

आता जे सांगायचं ते टाळता येत नाही. रामिंगिनिंगमध्ये दारूबंदी आहे. पिणारा माणूस डार्विन शहराकडे जातो आणि तिथे शहराच्या कडेला उघड्यावर, गवतात राहतो. गुल्पिलिलही तसा राहिला. २०११ मध्ये पत्नीला मारहाण करून तिचा हात मोडल्याबद्दल त्याला वर्षभराची कैद झाली. मी त्याचा चाहता आहे, पण या गोष्टीला दारू, गरिबी किंवा इतिहास यांच्या आड लपवणार नाही. त्रास त्या स्त्रीने भोगला.

डी हीर तुरुंगात त्याला भेटायला गेला आणि दोघांनी मिळून 'चार्लीज कंट्री'ची कथा रचायला घेतली. २०१३ चा हा सिनेमा. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या (आर्न्हेम लँड याच प्रांतात येतं) आदिवासी वस्त्यांवर आणीबाणीसारखे निर्बंध लादले होते: दारूवर बंदी, सरकारी भत्ता कसा खर्चायचा यावर नियंत्रण. त्या वातावरणातला म्हातारा चार्ली. पोलीस त्याची बंदूक जप्त करतात, म्हणून तो भाला बनवतो. ते तोही काढून घेतात. मग तो रानात निघून जातो, पावसात आजारी पडतो, डार्विनच्या इस्पितळात पोहोचतो, गवतात राहणाऱ्यांत मिसळतो, तुरुंगात जातो. तुरुंगात त्याचे केस आणि दाढी कापतात त्या दृश्यात कॅमेरा हलत नाही आणि गुल्पिलिलही जवळजवळ हलत नाही. एखाद्या माणसाकडून काय काय काढून घेता येतं, हे त्या चेहऱ्यावर वाचता येतं. २०१४ मध्ये कानच्या 'अन सर्टन रिगार्ड' विभागात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 'वॉकअबाउट' त्याच महोत्सवात दाखवला गेल्याला तेव्हा ४३ वर्षं झाली होती.

२०१७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. उपचारांसाठी त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिज गावी राहावं लागलं, आपल्या मुलखापासून हजारो किलोमीटर दूर. तिथेच मॉली रेनॉल्ड्स यांनी त्याच्यावरचा माहितीपट केला, 'माय नेम इज गुल्पिलिल', ज्यात तो स्वतःच्या मरणाबद्दल थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. २०२१ च्या मार्चमध्ये तो अॅडलेडला दाखवला गेला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला गुल्पिलिल गेला. योल्न्गू लोकांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून घरच्यांच्या विनंतीवरून काही दिवस त्याचा उल्लेख डेव्हिड दलैथ्न्गू असा केला गेला. पुढे कुटुंबाच्या संमतीने पुन्हा मूळ नाव वापरलं जाऊ लागलं. त्याला शेवटी आर्न्हेम लँडमध्ये, त्याच्या पूर्वजांच्या भूमीत पुरलं.

बघायचं असेल तर सुरुवात 'वॉकअबाउट'पासून करू नका. तो सुंदर आहे, पण तिथे तो एका परक्या दिग्दर्शकाच्या नजरेतून दिसतो. आधी 'द ट्रॅकर', मग 'टेन कनूज', मग 'चार्लीज कंट्री', आणि मगच 'वॉकअबाउट'. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासोबत १९७६ चा 'स्टॉर्म बॉय' बघा. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात फिंगरबोन बिल दुसऱ्या नटाने केला आहे आणि गुल्पिलिल काही क्षणांसाठी बिलचा बाप म्हणून दिसतो.