किट निगेटिव्ह, स्लाइड पॉझिटिव्ह: असं का होतं?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आशा आहे. तापाच्या एका मुलाचं मलेरिया किट निगेटिव्ह आलं. ‘सी’ची (कंट्रोलची) रेषा चांगली ठळक होती. त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काढलेल्या रक्ताच्या स्लाइडमध्ये मात्र फॅल्सिपेरम (मलेरियाचा धोकादायक जंतू) निघाला. किट खराब होतं का?

उत्तर : ताई, किट खराब असू शकतं, पण आधी रक्त किती पडलं ते तपासा. ‘सी’ रेषेवर आपण नको इतका भरवसा टाकतो. द्रव पट्टीवरून वरपर्यंत चढला, एवढंच ती सांगते. रक्त न टाकता नुसतं बफर (किटसोबत येणारं द्रावण) टाकलं तरी ती उमटते!

बहुतेक किटना रक्त लागतं फक्त ५ मायक्रोलिटर. रक्त उचलायला लूप (टोकाला कडं असलेली काडी) असेल तर त्याचं कडं पूर्ण भरलेलं हवं, नळी असेल तर रक्त खुणेपर्यंत. बोटावरचं स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर रक्त पसरतं, थेंब धरत नाही. म्हणून बोट वाळू द्या, पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा घ्या. रक्त जास्त झालं तरी पंचाईत: पट्टी लालच राहते आणि फिकट रेषा त्यात दिसत नाही.

बफर त्याच किटच्या डब्यातलं, बाटली उभी धरून, पत्रकात दिलं असेल तेवढेच थेंब. ते संपलं म्हणून पाणी किंवा सलाइन कधीच वापरू नका. खोट्या रेषा येतात. वेळ घड्याळ लावून मोजा. पत्रकात १५ मिनिटं असतील तर दहाव्या मिनिटाला निकाल देऊ नका, आणि तासाभराने उमटलेली रेषाही धरू नका. वेळेत आलेली रेषा कितीही फिकट असो, ती पॉझिटिव्हच.

आता किटबद्दल. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला डबा भाजून निघतो आणि त्यातली रसायनं कमजोर होतात, ‘सी’ रेषा मात्र तरीही येऊ शकते. डबा पाकिटावर लिहिलेल्या तापमानात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. पाकीट रुग्ण समोर बसल्यावरच फोडा.

सगळं बिनचूक करूनही रक्तात जंतू फार कमी असतील तर किटला ते सापडत नाहीत. शिवाय फॅल्सिपेरमच्या काही जंतूंमध्ये किट ओळखतं ते एचआरपी-२ प्रथिनच नसतं. त्यामुळे किट निगेटिव्ह आलं आणि ताप आहेच, तर स्लाइड पाठवायचीच. झटके, गुंगी किंवा सारख्या उलट्या असतील तर स्लाइडच्या निकालासाठी थांबू नका, रुग्ण लगेच दवाखान्यात हलवा.

प्रश्न : औषधं पूर्ण झाली, ताप गेला, तरी पंधरा दिवसांनी किटवर पीएफची (फॅल्सिपेरमची) रेषा येते. पुन्हा औषध द्यायचं का?

उत्तर : नुसत्या रेषेवरून नाही. जंतू मेल्यावरही एचआरपी-२ रक्तात काही आठवडे राहतं. पुन्हा ताप आला तर स्लाइडच काढा.

प्रश्न : माझ्या स्लाइडचा जाड थेंब रंगवताना धुऊन जातो, असं प्रयोगशाळेतून कळवतात.

उत्तर : थेंब नीट वाळत नसावा, किंवा फार जाड होत असावा. साधारण १ सेंटिमीटर रुंद पसरवा. खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत. स्लाइड आडवी ठेवून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवली तर थेंब काचेवर शिजतो आणि जंतू ओळखता येत नाहीत. मुंग्या-माश्यांपासून जपा, त्या रक्त खाऊन टाकतात. नंबर त्याच स्लाइडवर जाड थेंबाशेजारी पसरवलेल्या पातळ लेपावर पेन्सिलीने लिहा.