“ताई, दरवर्षी लेवीयातच माझं अडतं”

“रोज वचन वाचते, पण मला काही मिळत नाही.” वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत, कॅथलिक घरांतून आणि प्रोटेस्टंट घरांतून, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुठल्या शब्दाला सांगणारीचा आवाज खाली जाणार तेही आता ओळखू येतं. त्यात तक्रार थोडी असते, शरम जास्त. मिस्सा चुकत नाही, रविवारची उपासना चुकत नाही, उशाशी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे. तरी सकाळी वाचलेलं आणि दिवसभर जगलेलं, यांची गाठच पडत नाही.

रत्नागिरीजवळच्या एका वहिनींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं. यजमान गेल्यापासून हापूसची बाग त्याच बघतात. दर 1 जानेवारीला शास्त्र वर्षात पूर्ण करायचं ठरवतात. एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40, जानेवारीत उरकतात आणि कलमं मोहोरलेली असताना लेवीय हे तिसरं पुस्तक समोर येतं. होमबली, चरबी, कुष्ठाची तपासणी. एक दिवस खाडा पडतो, मग खाड्यावर खाडा.

“ताई, बारा अध्याय मागे पडलेत. रात्री बसून भरून काढते, पण नुसते डोळे फिरतात. देवाचं देणं थकल्यासारखं वाटतं.”

“हा रोजच्या वाचनाचा तक्ता कोणी दिला?”

“मंडळीत वाटला होता.”

“मग थकलंय ते तक्त्याचं. देवाकडे तुमच्या नावावर बारा अध्याय मांडलेले नाहीत.”

त्या काही बोलल्या नाहीत, पण खांदे सैल झाले.

आधी मी झोप, भूक आणि अंगातली ताकद यांची चौकशी केली. हे मी कधीच टाळत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, असं असेल तर वचन आत न जाणं हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही, ते आजारपण असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांकडे पाठवायला मी एक दिवसही लावत नाही. वहिनींचं तसं नव्हतं.

त्यांचा घोळ वेगळा होता. त्या वाचताना स्वतःसाठी दिलासा शोधायच्या. सापडला तर दिवस चांगला, नाहीतर कोरा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर यिर्मया 29:11 होतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो ते. मी त्यांना सहा वचनं वर जायला सांगितलं. हे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात आधी सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. मग सांगितलंय की सुटकेला 70 वर्षं लागतील.

“बागा लावा? हे ह्यातच आहे?”

“ह्याच पानावर.”

“मग इतकी वर्षं मी फक्त शेवटची ओळच वाचत होते?”

बहुतेक जण तेच करतात. फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 भिंतीवर असतं, सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो. पण त्याच्या आधीच्या वचनात तुरुंगातून हे पत्र लिहिणारा पौल उपासमार सोसायला शिकल्याचं सांगतो, ते भिंतीवर नसतं. माझा आग्रह असतो की आधीचं आणि नंतरचं वाचल्याशिवाय कुठलंही वचन स्वतःला लावून घेऊ नका. दुसऱ्याला लावायला तर मुळीच घेऊ नका. जावेच्या, सुनेच्या डोक्यात मारायला काढलेल्या वचनाने एकही घर सुधारलेलं मी पाहिलेलं नाही.

मार्च संपत आला होता, आंब्यांची तोड सुरू होती. मी म्हटलं, “लेवीय सोडायचं नाही. पण एकच अध्याय घ्या, एकोणिसावा. मोठ्याने, सावकाश वाचा. जिथे टोचेल तिथे थांबा.”

इथे मला माझ्याविषयी एक सांगायचंय. तो अध्याय मी मुद्दाम निवडला होता. नवव्या-दहाव्या वचनात आहे की शेताच्या कडेचं पीक कापू नका, मळ्यात गळून पडलेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबांसाठी, परक्यांसाठी राहू द्या. बागेत पडलेला आंबा आणि कुंपणाबाहेर उभी पोरं, असा धडा मी मनात तयार ठेवला होता. वहिनी ती वचनं वाचून सरळ पुढे गेल्या. माझ्या जिभेवर आलं होतं, तरी मी गप्प राहिले. या कामात मी सर्वांत उशिरा शिकलेली आणि आज सर्वांत जास्त जपलेली गोष्ट हीच: माझा धडा त्यांच्या हातात न कोंबणं.

तेराव्या वचनाला त्या थांबल्या. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये.

पुन्हा वाचलं. मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

“ताई, पेट्या वाशीच्या बाजारात जातात. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, यायला वेळ लागतो. पट्टी आली की मी गड्यांना देते. कधी पंधरा दिवस, कधी महिना. सगळेच तसं करतात.”

मी काहीच बोलले नाही.

“राखणीला दोन नेपाळी पोरं आहेत. परवा एकाने शंभर रुपये उचल मागितली. मी म्हटलं, पट्टी येऊ दे.” बराच वेळ गेला. “त्या सकाळी माझे चार अध्याय वाचून झाले होते.”

त्या रडल्या. मी पाणी दिलं. घाईने समजूत घातली नाही, कारण ते रडणं चांगलं होतं. ‘मला काही मिळत नाही’ म्हणून आलेली बाई पहिल्यांदाच आपल्याकडून कोणाला काय द्यायचं राहिलंय ते बघत होती.

माणूस आधी समजून घेतो आणि मग वागतो, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. एक लहानशी गोष्ट तो वेगळी करतो, मग वचन त्याला उलगडतं. म्हणून मी लांबलचक मनन लिहायला सांगत नाही. सकाळी पाच-सात वचनं पुरेत. ‘यात माझ्यासाठी काय आहे?’ याऐवजी विचारा, ‘आज कोणाशी वेगळं वागू?’ एक नाव आलं तर ते दिवसभर बाळगा. नाही आलं तर नाही; दर सकाळी धडा निघालाच पाहिजे असा नियम शास्त्रात कुठे नाही. खाडा पडला तर आजचं आज वाचा.

आणि थोडं वाचायची लाज नको. याच जिल्ह्यात करजगावी 1861 साली जन्मलेले कवी ना. वा. टिळक ख्रिस्ताकडे ओढले गेले ते प्रवासात हाती आलेल्या नव्या करारातल्या डोंगरावरील प्रवचनाने. मत्तयाचे ते तीनच अध्याय.

वहिनींनी बँकेतले पैसे काढून मागची मजुरी चुकती केली आणि त्या मोसमात रोज दिवेलागणीला पैसे द्यायला लागल्या. हाताला ओढ बसली, हे त्यांनी लपवलं नाही. कामावरची एक बाई त्यांना म्हणाली होती, “आज दुकानात रोखीने तांदूळ घेतला.” हे मला सांगताना वहिनींना पुढचं बोलवेना.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात होत्या, द्राक्षमळ्यातले मजूर.

“ताई, शेवटी आलेल्यालाही पूर्ण मजुरी दिली, हे सगळे पाळक सांगतात. पण आठवं वचन बघा ना. तो धनी मजुरी कधी देतो?”

मी पुस्तक उघडलं. संध्याकाळ झाल्यावर, असं लिहिलं होतं. इतकी वर्षं हा दाखला ऐकत आणि सांगत आले, तो शब्द मी कधी पाहिलाच नव्हता.

“त्याच दिवशी,” वहिनी म्हणाल्या.