नियम, विनियम आणि मधेच घुसणारा विनिमय

प्रश्न असा आलाय की डॉक्टरी शिक्षण नि व्यवसायावर देखरेख करणाऱ्या मेडिकल कमिशनच्या कागदावर 'विनियम' असतं आणि बातमीत 'नियम', मग दोन्ही एकच ना, 'वि' नुसता वजन यावं म्हणून लावलाय का?

नाही, एकच नाहीत. संसदेने किंवा विधिमंडळाने पास केलेला कायदा म्हणजे अधिनियम, त्या कायद्याखाली सरकार जे करतं ते नियम, आणि त्याच कायद्याने उभी केलेली संस्था स्वतः करते ते विनियम. म्हणजे शब्दावरूनच कळतं हे कोणी लिहिलंय. नॅशनल मेडिकल कमिशनचा 2019चा अधिनियम उघडून बघा, कलम 56 मधे नियम करायचा अधिकार केंद्र सरकारला आणि लगेच 57 मधे विनियम करायचा अधिकार कमिशनला, तोही लोकांचं म्हणणं मागवून, आणि ते विनियम कायद्याला नि सरकारच्या नियमांना धरूनच असायला हवेत. कमिशनच्या आधी जी मेडिकल कौन्सिल होती, तिच्या 1956च्या कायद्यातही 32 आणि 33 अशी हीच जोडी होती, फक्त तिथे विनियमांना आधी सरकारची मंजुरी लागायची.

फरक किती खरा आहे ते मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' (NEET) परीक्षेवरून दिसतं. ती आली कौन्सिलच्या विनियमांतून. 2013 मधे सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की एवढा अधिकार कौन्सिलला नाही, 2016 मधे कोर्टाने तो निकाल मागे घेतला आणि त्याच वर्षी संसदेने 1956च्या कायद्यातच कलम 10डी घातलं, म्हणजे जे विनियमात होतं ते अधिनियमात आलं.

2023 मधे याच्या उलट. डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे विनियम 2 ऑगस्टला निघाले, औषधं जेनेरिक नावाने लिहा हा त्यातला गाजलेला मुद्दा, आणि जो तो 'नवा कायदा आला' म्हणत होता. 23 ऑगस्टला कमिशननेच ते स्थगित करून 2002चे परत लागू केले. संसदेचा कायदा असता तर कमिशनला असं करता आलंच नसतं, म्हणून तिथे 'कायदा' म्हणणं मला चूकच वाटतं. बोलताना 'कमिशनचे नियम' म्हटलं तर चालतं हो, पण बातमीत, अर्जात विनियमच लिहावं.

आता शब्दाकडे. मूळ धातू यम्, म्हणजे आवरणं, लगाम घालणं, संयम नि नियम त्यातूनच आलेत. रेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवरच्या, कायद्याच्या नावात 'विनियमन' आहे ते त्या आवर घालण्याच्या कामाचं नाव, आणि 'विनियम' म्हणजे त्यासाठी लिहिलेलं एकेक कलम. सोसायटीचे उपविधी, म्हणजे बायलॉज, आणखी वेगळे.

आणि टाइप करताना जपा, य आणि म ची अदलाबदल झाली की 'विनिमय' होतं, म्हणजे देवाणघेवाण. मी एका छापील पत्रकात 'वैद्यकीय व्यवसाय विनिमय' असं ठळक अक्षरात वाचलंय, आणि स्पेलचेकला ते सापडणार नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.