जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्राममध्ये खरा रोलँड एमटी-३२ ध्वनिसंच वापरता येतो का?

होय, येतो. आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारे साउंड कार्ड आजच्या मदरबोर्डवर बसतच नाही. परंतु १९८७ साली आलेला एमटी-३२ हा संगणकाबाहेरचा मिडी संच (कोणते वाद्य कोणता स्वर वाजवेल हे सांगणारे संदेश घेऊन आवाज काढणारे यंत्र) असल्याने, आणि डॉसबॉक्स गेमकडून आलेले मिडी संदेश जसेच्या तसे बाहेर पाठवू शकत असल्याने, मूळ यंत्रातून निघणारा आवाज आजही ऐकता येतो.

यूएसबी-मिडी केबलचे ‘आउट’ टोक संचाच्या ‘मिडी इन’मध्ये लावावे. विंडोजवर डॉसबॉक्समध्ये ‘मिक्सर /लिस्टमिडी’ (mixer /listmidi) ही आज्ञा दिल्यावर दिसणारा उपकरणाचा क्रमांक डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमधील ‘मिडीकॉन्फिग’ (midiconfig) या ओळीत लिहावा आणि गेमच्या सेटअपमध्ये रोलँड निवडावा. हेडफोनचे छिद्र नसलेल्या सुरुवातीच्या संचांवर बफर (संदेशांची तात्पुरती साठवण) भरून जाण्याची चूक दिसते, तेव्हा क्रमांकापुढे संदेशांमध्ये थोडा विलंब घालणारे ‘डिलेसिसेक्स’ (delaysysex) जोडावे. अगदी स्वस्त केबल मात्र टाळावी, कारण तिच्यातून लांब संदेश अनेकदा तुटक जातात आणि वाद्ये चुकीची वाजतात.

‘स्पेस क्वेस्ट ३’ सुरू करून पाहा: संचाच्या छोट्या पडद्यावर ‘इन्सर्ट बकाझॉइड’ (बकाझॉइड म्हणजे गेममधले चलन) अशी अक्षरे उमटली, तर जोडणी अचूक झाली आहे. तो क्षण मला फार प्रिय आहे.