'आय ॲम हॅविंग' का चुकतं आणि 'ही इज सिटिंग' का बरोबर

मुलाखतीत तुम्ही 'आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स' म्हणालात आणि समोरच्यांनी तिथंच टोकलं. 'माझ्याकडे अनुभव आहे' यातल्या 'आहे'साठी 'ॲम' वापरलं, मग चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात शाहूपुरीत १४ वर्षं इंग्रजी शिकवतेय, ही चूक वहीत रोज दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न आहे चालू वर्तमानकाळाचा, म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअसचा. त्याची रचना सोपी आहे. आयला ॲम, ही-शी-इटला इज, बाकीच्यांना आर, आणि क्रियापदाला आयएनजी. मेकचा शेवटचा ई गळतो, रनचा एन दुप्पट होतो. प्रश्न विचारताना ॲम-इज-आर आधी येतं: 'आर यू लिसनिंग?' हे दोन दिवसांत जमतं. अडतं ते अर्थापाशी.

आपल्या कोल्हापुरी बोलीत हा काळ लख्ख दिसतो. 'काय करालाईस?' 'जेवालोय.' 'भायेर पाऊस पडालाय.' काम सुरू झालंय, अजून उरकलेलं नाही. 'आय ॲम ईटिंग', 'इट इज रेनिंग' यांत नेमका हाच भाव आहे. आता अनुभवाला हे लावून बघा. अनुभव 'असालाय' असं कुणी म्हणेल का? जवळ असणं, माहीत असणं, हवं असणं ही चालू कामं नव्हेत, त्या स्थिती आहेत. म्हणून 'आय हॅव', 'आय नो', 'आय वाँट'. पण हॅव खाण्यापिण्यासाठी आलं की ते काम होतं, तेव्हा 'आय ॲम हॅविंग टी' अगदी बरोबर.

याच्या उलट चूक जास्त फसवी, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. रंकाळ्यावर एक माणूस बसलाय. शेजारी बाळ झोपलंय. त्यानं पायात कोल्हापुरी चप्पल घातलीय. मराठीत ही तिन्ही रूपं क्रिया पूर्ण झाल्याची आहेत, म्हणून मुलं 'ही हॅज सॅट', 'द बेबी हॅज स्लेप्ट' लिहितात. इंग्रजी मात्र आत्ता डोळ्यांसमोर काय आहे ते बघते: 'ही इज सिटिंग', 'द बेबी इज स्लीपिंग', 'ही इज वेअरिंग चप्पल्स'. बसणं, झोपणं, घालणं आणि 'उभा आहे' यांची एक यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

'दोन वर्षं काम करतोय' याला 'आय ॲम वर्किंग' पुरत नाही. मागचा कालावधी सांगायचा तर 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. आणि उद्याचं पक्कं ठरलं असेल, तिकीट काढलं असेल, तर 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमारो' चालतं.

सरावासाठी सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस उभी आहे, मालक धार काढालाय, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबलंय. ही तीन वाक्यं इंग्रजीत करून इथे टाका, मी तपासून देते.