एकट्याने फिरायला लहान क्रूझ जहाज कसं निवडावं? दुसऱ्या पलंगाचे पैसे वाया घालवण्यापेक्षा केबिन शेअर करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय साठीच्या आसपास आहे, नाशिकहून निघणार, दोन-तीन हजार माणसांचं जहाज नको, लहान हवंय, तर ते कसं निवडावं. आणि मग शेवटी, जाता जाता विचारावं तसं, की दुसऱ्या पलंगाचे पैसे वाया घालवण्यापेक्षा कुणाबरोबर केबिन शेअर करावी का.

मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय.

नाही. करू नका. परवडत नसेल तर दोन रात्री कमी करा, लांबचा देश सोडून जवळची नदी घ्या, आणखी एक वर्ष थांबा. पण ज्या माणसाला आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, त्याच्या घोरण्यासोबत, त्याच्या फोनवरच्या भजनांसोबत आणि "अहो, दिवा जरा राहू द्या हं" सोबत दहा बाय बाराच्या खोलीत राहायला एवढे पैसे खर्च करून जाऊ नका. जमिनीवरच्या ग्रुप टूरमध्ये हे एकदा भोगलंय. तिथे निदान हॉटेलच्या लॉबीत जाऊन बसता येतं. लहान बोटीवर लॉबी नसते.

आधी हिशेब सांगते, कारण माझी नोकरी सहकारी बँकेच्या लेजरमध्ये गेली. जाहिरातीत दिसतो तो दर माणशी असतो आणि केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून काढलेला असतो. माणशी एक लाख म्हणजे ती केबिन त्यांना दोन लाखांना विकायची आहे. तुम्ही एकटे गेलात की वरचा जो काही भाग तुमच्याकडून घेतात तो सिंगल सप्लिमेंट. पन्नास टक्के असेल तर दीड लाख, शंभर टक्के असेल तर पुरते दोन लाख. कुणी तुम्हाला फसवत नाही, पलंग खरंच रिकामा जातो. एकट्यासाठी मुद्दाम बांधलेल्या केबिन मोठ्या जहाजांवर सापडतात. नॉर्वेजियन एपिक हे जहाज २०१० मध्ये आलं तेव्हा त्यात अशा १२८ खोल्या होत्या, पण ते जहाज चार हजार माणसांचं, तुम्हाला नको तेच. लहान बोटीवर अशा केबिन असल्याच तर एक-दोन, आणि सगळ्यात आधी त्याच जातात. म्हणून एकट्या माणसाने बोटीचं नाव ठरवण्याआधी सप्लिमेंट किती ते विचारावं. "कॉल करून सांगतो" म्हणणाऱ्याकडून लेखी घ्यावं.

हे सगळं मी इजिप्तला जायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मांडलं. मी लग्न केलेलं नाही. धाकट्या भावाचा अंबडला छोटा कारखाना आहे, आणि त्याच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट मशीन आहे. तो म्हणाला, "ताई, बंद मशीनचं भाडं कोण भरतं?" वहिनी म्हणाली, तिच्या भिशीतल्या एक बाई आहेत, त्यांनाही फिरायची हौस आहे. कॉलेज रोडवरच्या ज्या एजंटकडे मी चौकशी केली होती, त्यानेही आमच्या घरी फोन करून आधीच सांगून ठेवलं होतं की "ठाण्याच्या एक मॅडम आहेत, शेअरिंगला घेऊ, ताईंना सोबतही होईल." माझ्यासाठी सोबत शोधायचं काम त्याला कुणी दिलं होतं?

बाकी काही चालेना तेव्हा भावाने रामदास बोट काढली. आमच्या आईचं माहेर रेवसकडचं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास १७ जुलै १९४७ ला, ऐन अवसेच्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आईने जन्मात परत बोटीत पाय ठेवला नाही. गंगापूर धरणावरच्या बोटिंगलासुद्धा ती काठावर चटई टाकून बसायची. त्या सगळ्या आठवणी माझ्या खांद्यावर ठेवून भाऊ म्हणतो, "आई असती तर जाऊ दिलं असतं का?" मी म्हटलं, नाईल नदी आहे रे, समुद्र नाही. आणि अडचण बुडण्याची असेल तर शेअरिंगमध्ये काय मी अर्धीच बुडणार आहे?

मी सप्लिमेंट भरलं आणि गेले.

आता बोटीबद्दल, कारण निवडायचं कसं ते मला तिथेच कळलं. लक्सर ते अस्वान जाणाऱ्या नाईलच्या नेहमीच्या बोटींवर शंभरावर प्रवासी असतात, तीन-चार मजले, वर पोहायचा तलाव. मी घेतली ती दहाबिया, म्हणजे दोन शिडांची लांबट लाकडी बोट, आठ-दहा केबिनची. ही लक्सरच्या दक्षिणेला एस्ना गावाहून निघते आणि चार-पाच दिवसांत अस्वानला पोचते. नाईल वाहते उत्तरेकडे आणि वारा बहुतेक उत्तरेकडूनच येतो, त्यामुळे शिडं भरली की बोट प्रवाहाविरुद्ध आपोआप वर चढते. वारा पडला की पुढे एक टग, म्हणजे ओढणारी छोटी बोट, लावून ओढतात. बोटीला स्वतःचं इंजिन नाही, म्हणजे रात्री घरघर नाही.

वाटेत एडफू गावाला मोठ्या बोटी पाहिल्या. धक्क्याला जागा कमी, म्हणून त्या एकीला एक चिकटून तीन-तीन, चार-चार उभ्या असतात. सगळ्यात बाहेरच्या बोटीतल्या माणसाला काठावर यायचं तर मधल्या सगळ्या बोटींच्या लॉबीतून यावं लागतं. खिडकीचा पडदा सरकवला तर समोर नाईल नाही, दुसऱ्या बोटीतल्या गृहस्थांचा बनियन. "रिव्हर व्ह्यू" चे पैसे भरून. आमची दहाबिया जेबेल अल-सिलसिलाला थांबली. तिथे नदी अरुंद होते आणि दोन्ही काठांना वालुकाश्माच्या जुन्या खाणी आहेत. लक्सरच्या कर्नाक देवळाचे दगड इथलेच. खडकावर छिन्नीचे तिरपे घाव अजून ओळीने दिसतात. मोठ्या बोटी तिथून सरळ पुढे जातात, त्यांना लागायला जागाच नाही. लहान बोट घ्यायची ती यासाठी. नुसती शांतता हवी असेल तर त्र्यंबकला जाऊन बसा, स्वस्त पडेल.

बोटीवर माझ्याशिवाय बहुतेक सगळे फ्रेंच. सगळ्यांचं जेवण एकाच लांब टेबलावर. पहिल्या रात्री मी नुसती हसत बसले, गाल दुखले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पत्त्यांचा जोड काढला आणि मी त्यांना झब्बू शिकवला. झब्बूला भाषा लागत नाही. पुढे रोज रात्री जेवणानंतर स्वयंपाकीसुद्धा हात पुसून येऊन बसायचा, आणि कुणावर झब्बू आला की सगळी बोट त्या एका शब्दाने ओरडायची. ठाण्याच्या मॅडम सोबत असत्या तर आम्ही दोघी कोपऱ्यात बसून मराठीत जेवणाला नावं ठेवली असती आणि त्या टेबलावरचं कुणीही आमच्या वाट्याला आलं नसतं. सोबत असली की लोक तुमच्याकडे येत नाहीत. हे मी भावाला सांगितलं, तो म्हणाला, "तू काहीही सिद्ध करशील."

आणि रात्री दार लावलं की खोली माझी. दुसऱ्या पलंगावर मी बॅग उघडी टाकली, ओला स्कार्फ वाळत घातला, नकाशा पसरला. तो पलंग वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

यातून निवडायचं कसं, ते तुमच्या कामापुरतं सांगते. बोटीत किती जागा यापेक्षा त्या तारखेला कोण येतंय ते विचारा. वीस जागांच्या बोटीत एकाच कुटुंबाने किंवा एकाच क्लबने चौदा घेतल्या असतील तर तुम्ही त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आलेले अनोळखी पाहुणे. मोठ्या जहाजावर हे चालून जातं, लहानावर नाही. भाषा विचारा. जेवणाचं टेबल एकच की वेगवेगळी ते विचारा, कारण दोन-दोन खुर्च्यांच्या टेबलांवर एकटा माणूस रोज संध्याकाळी नव्याने एकटा होतो. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. खिडकी लहान मिळेल, चालेल.

कुठे जावं याचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे, कारण सगळीकडे मी गेलेले नाही. गालापागोस बेटांना जहाजावर शंभरच प्रवासी चालतात आणि सोळा जणांमागे एक गाइड लागतो, म्हणजे तिथे लहान जहाजाचा प्रश्नच सुटलेला आहे, पैशांचा तेवढा उरतो. क्रोएशियात तीस-चाळीस जणांच्या बोटी आहेत. दुपारी समुद्रात पोहायला थांबतात आणि रात्री गावाच्या धक्क्याला लागतात, जेवायला तुम्ही गावात जाता. चांगली कल्पना आहे, पण क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे आणि शेजारचा माँटेनेग्रो नाही, तेव्हा बोट तिकडे जाऊन परत येणार असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसा लागेल. नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणारी जहाजं १८९३ पासून चालू आहेत, आता ती बर्गन ते किर्केनेस जातात, ३४ बंदरं घेतात, गावकरी आणि माल दोन्ही नेतात. ती तितकी लहान नाहीत, पण करमणुकीचे कार्यक्रम लादत नाहीत. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं जहाज लहान नाही. कुणी "आपलंच आहे, जवळ आहे" म्हणून तुमच्या गळ्यात मारेल, तर ते दीड हजारावर माणसांचं आहे एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे मला विचाराल तर ब्रह्मपुत्रा. दहा-बारा केबिनच्या बोटी आहेत, हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. दिवसा चालतात आणि रात्री नदीतल्या वाळूच्या बेटाला दोर बांधून थांबतात. काझीरंगा बघायचं असेल तर नोव्हेंबरपासून पुढे जा, पावसाळ्यात ते बंद असतं. माजुली या नदीतल्या बेटावर सत्रांमध्ये, म्हणजे वैष्णव मठांमध्ये, मुखवटे करणारे लोक आहेत, तिथे घाई करू देऊ नका. गंगा विलास या बोटीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघाली ती, ३६ प्रवाशांची सोय, दिब्रुगढपर्यंत ३,२०० किलोमीटर, ५१ दिवस. पहिल्याच खेपेला असलं काही करू नका. एवढ्या दिवसांत सख्ख्या भावाशीही बोलायचं संपतं, आमचं तर एका जेवणात संपतं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. लहान बोटीवर लिफ्ट बहुतेक नसते, आणि काठावर उतरायचं म्हणजे एक फळी आणि खलाशाचा हात. गुडघे दुखत असतील तर जिना किती, कठडा आहे का ते विचारा. डॉक्टरचंही विचारा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या परदेश सफरीला निघणाऱ्या जहाजावर डॉक्टर सक्तीचा आहे. म्हणजे लहान जहाजावर तो असेलच असं नाही, आणि नदीवर तर सहसा नसतोच. बीपी, शुगर असेल तर हा मुद्दा माझ्या सगळ्या भाषणापेक्षा मोठा आहे. वैद्यकीय कारणाने उचलून आणण्याचा खर्च भरणारा विमा घ्या. उघड्या समुद्रात लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, अ‍ॅव्होमिन डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा, नदीवर ती लागत नाही. शाकाहारी असाल तर "व्हेज" लिहून भागत नाही. सूपमध्ये कोंबडीचं पाणीसुद्धा नको असं स्पष्ट कळवा. मला नाईलवर बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि पोळीसारखी भाकरी सकाळ-संध्याकाळ मिळाली, तक्रार नाही.

भावाचं म्हणाल तर त्याचं आणि माझं हे भांडण बोटीचं नाहीच. गंगापूर रोडला मी दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तेव्हापासूनचं आहे. "एकट्या बाईला दोन खोल्या कशाला, एक भाड्याने दे." त्याच्या चौघांच्या घरात एक खोली बारा महिने बंद असते, पाहुण्यांसाठी म्हणे. त्या बंद मशीनचं भाडं कोण भरतं, हे त्याला मी अजून विचारलेलं नाही. तो हे वाचतो, तेव्हा आता विचारलं असं समजावं.

एक सूट मात्र देते. अंटार्क्टिका. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला तिथे माणसं किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरच जण उतरतात, त्यामुळे जहाज लहानच लागतं आणि दर डोळे पांढरे करतो. तिथे बऱ्याच कंपन्या बाईला बाई, पुरुषाला पुरुष अशी जोडी लावून देतात आणि सप्लिमेंट घेत नाहीत. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघाल्यावर ड्रेक पॅसेज हा मधला समुद्र ओलांडायला जवळजवळ दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत उलट्या होत असताना शेजारच्या पलंगावर कुणी असलेलं बरंच. तिथे शेअर केलंत तर मी काही बोलणार नाही. फक्त आमच्या भावाला कळू देऊ नका.